पुढच्या बाकावरची मोटर

बोरगव्हाण, ता. नेर
१ ऑक्टोबर २०२४

दादा,

पाय लागतो. फोन सोडून चिठ्ठी काहून लिवली म्हनून हासू नका. मांगच्या खेपेले फोनवर मी अर्धा तास बोलली, तुमी अर्धा तास "हं, हं" करत राह्यले, अन् मंग वयनीनं सांगतलं का तुमच्या कानातलं मशीन कपाटात पडून हाये. माह्या गळ्याचे हाल झाले ना बापा! मले लिवाले तुमीच शिकवलं, आता तुमीच भोगा.

गोष्ट अशी हाये. यवतमाळची एक संस्था आपल्या गावात आली. चाळीस इहिरीवरच्या मोटरीचं ऑडिट करनार म्हने. मोटर वीज किती खाते अन् पानी किती फेकते, हे मोजनार. मंग यादी लागनार, अन् यादीतल्या शेतकऱ्याले नव्या मोटरीसाठी, पाइपासाठी नाई तं ठिबकसाठी मदत. बारा आने त्याईचे, चार आने आपले. यादी कशी लावनार हे बी मीटिंगमंधी सांगतलं, पन नेमकं तवाच सरपंचानं मले चहा वाटाले उठवलं. चाळीस मान्सं बसले होते, पन चहाले मैनाबाईच!

मी परत येऊन बसली अन् इचारलं, बिल तं सरकारनं माफ केलं, मंग वीज मोजून काय लोनचं घालता? संस्थेची एक पोट्टी हाये, अर्पिता, इंजिनेर हाये. ते म्हने, "मावशी, लाइन किती तास असते?" म्हटलं, आठ तास. "मग त्या आठ तासांत अर्धंच पाणी आलं, तर नुकसान कोणाचं?" मी चुपचाप कपबश्या गोळा केल्या.

आपली मोटर तुमाले माहीतच हाये. गोपालच्या बाबानं घेतलेली, सतरा साल झाले. नेरच्या युनूसभाई मिस्त्रीनं, जळली तवा तवा, तिची तार अकरा खेपा नव्यानं भरून देल्ली. आता तो म्हन्ते, "मावशी, इसको वायंडिंग नाई, दुवा लागते." मांगच्या साली तीनदा जळली. तिसऱ्या खेपेले गोपालचा पुण्याहून फोन, अन् त्यानं शर्तच लावली. यंदा संक्रांतीपर्यंत मोटर एकदा बी जळली, तं वावर मक्त्यानं द्याचं अन् मी त्याच्यापाशी जाऊन राहाचं. मी बी तावातावात "हो" म्हनून बसली.

मले जाचं नाई दादा. पोरगा गुनाचा हाये, सून चांगली हाये, पन तिसऱ्या मजल्यावर मी दिवसभर करू काय? मांगं गेलती तवा आठ दिवसात गॅलरीतल्या कुंड्या चारदा खुरपल्या. सून म्हने, आई, झाड मरून जाईल.

ऑडिट सतरा तारखेले हाये. तुमची सारी जिंदगी तपासन्या देन्यात गेली. काय करू ते लवकर लिवा. धुऱ्याच्या पल्याड ज्याचं वावर हाये, त्या धनसिंग राठोडले काईच चिंता नाई, त्यानं मांगच्याच मईन्यात नवी मोटर बसवली. त्याले फकत ठिबकसाठी मदत पायजे.

तुमची,
मैना


बाभुळगाव
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय मैने,

पत्र मिळालं. अक्षर अजून वळणदार आहे, म्हणजे माझी मेहनत वाया गेली नाही. कानातल्या मशीनचा विषय पुन्हा काढू नकोस. ते घातलं की पंखासुद्धा विमानासारखा ऐकू येतो.

आता कामाचं. तपासणी म्हणजे काय, हे तू योग्य माणसाला विचारलंस. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस मुख्याध्यापक म्हणून. माझ्या शाळेला एकदाही वाईट शेरा मिळाला नाही, आणि तो काही नशिबानं नाही. त्यामागं पद्धत होती. आदल्या दिवशी अंगण सारवायचं. फळ्याला काळा रंग द्यायचा. हुशार मुलं पुढच्या बाकावर घ्यायची. जी कच्ची असतील त्यांना हळूच सांगायचं, उद्या घरी काम असेल तर राहा रे घरी. साहेब आले, पुढच्या बाकाला प्रश्न विचारले, पोरांनी खडाखड उत्तरं दिली, साहेब खूश. अशाच एका तपासणीनंतर आम्हाला नवी वर्गखोली मंजूर झाली होती.

यातून काय घ्यायचं? मदत नीटनेटक्या माणसाला मिळते. साहेबाला वाटलं पाहिजे की या बाईला काही दिलं तर ती ते सांभाळेल. तुझ्या त्या धुराड्याला पाहून तो काय म्हणेल? हिनं ही मोटर अशी केली, तर नवीचं काय करेल!

तुझी मोटर मागच्या बाकावरची आहे, मैने. तिला त्या दिवशी घरी ठेव. धनसिंगची मोटर एका दिवसासाठी मागून आण आणि आपल्या विहिरीवर बसव. यात खोटं काय आहे? पाहुणे यायचे असले की आपण शेजारच्या खुर्च्या आणतोच की नाही? विहिरीभोवतीचं गवत काढ. स्टार्टरची पेटी पुसून घे. चहा मात्र चांगला कर, तुझा चहा पातळ असतो.

काळजी करू नकोस. मी आहे.

तुझा दादा,
वामन


बोरगव्हाण
२० ऑक्टोबर २०२४

दादा,

पास झाली! तुमची बहीन पास झाली!

आता सारं सांगतो. धनसिंग पहिले राजी नोता. म्हने, "मावशी, अठरा तारखेले माह्या इहिरीचं बी ऑडिट हाये." म्हटलं, बापा, सतराच्या संध्याकाळी तुही मोटर तुह्या इहिरीवर बसलेली राहीन, माहा शब्द. तवा कुठं तो हो म्हने. सोळा तारखेले त्याच्याच बैलबंडीवर पाइप-फुटव्हॉल्वसकट मोटर आनली. युनूसभाईले नेरहून बलावलं, त्यानं माही उतरवली अन् नवी बसवली. पाना फिरवता फिरवता म्हने, "मावशी, मले हे बराबर नाई वाटून राह्यलं. उद्या वो लोग पूछेंगे तो?" मी म्हटलं, माहा भाऊ हेडमास्तर होता, त्यानं सांगतलं. तो परत पाना फिरवाले लागला. जुनी मोटर आमी कोठ्यात सरकीच्या ढेपेच्या पोत्यामांगं झाकून ठेवली.

सतराले अर्पिता आली. दादा, काय हुशार पोट्टी हाये! चिमट्यासारखं मशीन वायरले लावलं अन् वीज मोजली. इहिरीत टेप सोडून पानी किती खोल हाये ते पाह्यलं. पाइपाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवला, अन् घड्याळ लावून बसली. बावीस सेकंदात ड्रम भरला! मी पाहातच राह्यली. माह्या इहिरीतून एवढी मोठी धार मी जिंदगीत पाह्यली नोती. एक घडी तं मले वाट्टलं का आपलीच मोटर हाये, अन् छाती फुगली.

मंग तिनं इचारलं, "मोटर किती जुनी?" माह्या तोंडातून पटकन निंगालं, सतरा साल! तिनं मोटरीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. "सतरा वर्षांची मोटर इतकी चकचकीत?" मी म्हटलं, आमी राखतो बाई. ते हासली, मोटरीवरच्या पत्तीचा फोटो काढला, अन् म्हने, "फारच छान चाललीय, मावशी." चहा दोन खेपा घेतला. पातळ म्हने नाई.

संध्याकाळी बोलल्यापरमानं मोटर धनसिंगकडे पोचवली. दुसऱ्या दिवशी त्याचं ऑडिट झालं. आता यादीचीच वाट पाहून राह्यली. गोपालले अजून सांगतलं नाई, नवी मोटर बसली का एकदमच सांगीन.

भाऊबीजेले या. मी गुळाच्या पोळ्या करतो.

मैना


बाभुळगाव
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय मैने,

शाबास! "आम्ही राखतो" हे उत्तर तर मलाही सुचलं नसतं.

पत्र तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे काय शिकवलंत तुम्ही तिला?" बायकांना पद्धत कळत नाही.

भाऊबीजेला येतोच.

वामन


बोरगव्हाण
९ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुमच्या पुढच्या बाकानं माहं वाटोळं केलं.

सहा तारखेले ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. माह्या नावापुढं काय लिवलं होतं वाचा. "पंप कार्यक्षम. बदलण्याची गरज नाही." मी तीनदा वाचलं. मंग अर्पिताले फोन लावला. म्हटलं, बाई, माही मोटर चांगली निंगाली तं मले मदत काहून नाई? ते म्हने, "मावशी, चांगल्या मोटरीला मदत कशाला हवी? ज्यांच्या मोटरी वाईट निघाल्या, त्यांनाच नवी मोटर आहे. मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना." मीटिंगमंधी मी चहा वाटत होती, हे तिले कसं सांगू?

तेवढ्यावरच थांबलं असतं तं बरं होतं. दोन दिवसानं तिचाच फोन आला. दादा, मोटरीवरच्या पत्तीवर नंबर राह्यते. माह्या इहिरीवर जो नंबर, तोच नंबर दुसऱ्या दिवशी धनसिंगच्या इहिरीवर. दोन्ही फोटो तिनं शेजारी शेजारी ठेवून पाह्यले. ते रागावली नाई. नुसतं म्हने, "मावशी, दोन्ही नावं बाजूला ठेवावी लागतील. साहेबांना काय सांगू?"

म्हंजे धनसिंगचं ठिबक बी गेलं. त्यानं मले एका शब्दानं बोल लावला नाई, अन् तेच मले जास्त लागते. वावरात जाताना पहिले हाक मारत होता, "मावशी, येतं का?" आता खाली मान घालून निंगून जाते. त्यानं फकत माहा शब्द राखला होता.

तुमाले एक गोष्ट इचारतो. राग आला तं येऊ द्या. तपासनीच्या दिवशी तुमी कच्च्या पोराईले घरी ठेवत होते. मंग ते कच्चे हायेत, हे कोनाले समजलं? त्याईले मंग कोनं शिकवलं?

भाऊबीजेले तुमाले ओवाळलं तवा हे मले माहीत नोतं. नाई तं पोळी सुकीच देल्ली असती, तूप नसतं वाढलं.

हरभरा पेरला. गहू पेराचा हाये. मोटर तेच हाये, जुनी. रोज बटन दाबताना जीव मुठीत धरून राह्यतो.

मैना


बाभुळगाव
२८ नोव्हेंबर २०२४

मैने,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच ते लिहवत नव्हतं.

माझ्या शाळेत संगीता नावाची मुलगी होती. तिसरीत. वाचता येत नव्हतं, फळ्यावरचं उतरवून घेताना सगळं चुकायचं. मी तिला मठ्ठ समजत होतो. एका वर्षी तपासणीच्या साहेबांसोबत तालुक्याचे डॉक्टरही आले, मुलांचे डोळे तपासायला. संगीता त्या दिवशी घरी होती. मीच ठेवली होती. पुढच्या वर्षीही तेच झालं. चौथीनंतर तिची शाळा सुटली.

पुष्कळ वर्षांनी बाभुळगावच्या बाजारात एका बाईनं मला वाकून नमस्कार केला. जाड भिंगांचा चष्मा. म्हणाली, "गुरुजी, मी संगीता. चष्मा लागला तेव्हा पहिल्यांदा कळलं की झाडाला वेगवेगळी पानं असतात." ती हसून सांगत होती. मी घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तुला सांगतो आहे, कारण आता मी तुझीही संगीता केली. मला माफ कर, मैने.

परवा मी एसटीनं यवतमाळला गेलो. संस्थेचं ऑफिस शोधलं. कानातलं मशीन मुद्दाम घालून गेलो, तर स्टँडच्या गोंगाटात ते शिट्ट्या मारू लागलं, म्हणून काढून खिशात टाकलं. अर्पिताबाईंसमोर बसलो, कोरा कागद काढला आणि त्यावर सगळं लिहिलं. सल्ला माझा, बहिणीचा दोष नाही, धनसिंग राठोडचा तर मुळीच नाही. जी काही शिक्षा असेल ती निवृत्त मुख्याध्यापक वामनराव ठाकरे यांना द्यावी. खाली सही केली.

त्यांनी वाचलं, आणि मला ऐकू येत नाही हे ओळखून त्याच कागदावर उत्तर लिहिलं. कागद सोबत पाठवतो आहे, तरी इथंही उतरवतो, कारण ते वाक्य मला पाठ झालं आहे. "काका, आम्ही परीक्षा घ्यायला येत नाही. डॉक्टरकडे जाताना कोणी शेजाऱ्याचं रक्त घेऊन जातं का?"

मी खाली लिहिलं, "मी बत्तीस वर्षं तेच केलं."

त्यांनी साहेबांशी बोलून पुन्हा मोजणी करायचं ठरवलं आहे. बारा डिसेंबरला येतील. या वेळी काही झाकू नकोस. गवतही काढू नकोस.

वामन


बोरगव्हाण
१७ डिसेंबर २०२४

दादा,

तुमची चिठ्ठी वाचून मी लय रडली. मंग राग बी आला, का एवढं मोठं दुखनं एवढे साल एकटेच घेऊन बसले. मले कायले सांगतलं नाई? बहीन फकत ओवाळाले असते का? माफी-बिफी काई मांगू नका. मोटर मीच आनली होती, मले काई अक्कल नोती का?

तुमची चिठ्ठी घेऊन मी सरळ धनसिंगच्या घरी गेली. त्याले वाचून दाखवली. संगीताचं आलं तवा त्याची बायको पदरानं डोये पुसाले लागली. धनसिंग म्हने, "मावशी, गुरुजी माह्यासाठी यवतमाळले गेलते?" दुसऱ्या दिवशी वावरातून हाक आली, "मावशी, येतं का?"

आता बारा तारखेचं ऐका. अर्पिता आली. मी तिले कोठ्यात नेलं, ढेपेच्या पोत्यामांगची जागा दाखवली. म्हटलं, पाहा बाई, तवा मोटर इथं लपवली होती. ते एवढी हासली का तिले उचकी लागली. मंग मोजनी. इहिरीपाशी मोटर धाडधाड वाजून राह्यली, पाइपाच्या तीन जोडातून पानी गळून राह्यलं, इहिरीतल्या पाइपाच्या बुडाचा फुटव्हॉल्व अर्धा फुटलेला. ड्रम भराले एक्कावन सेकंद लागले. तिनं हिशोब केला अन् म्हने, "मावशी, शंभरातले एकवीस." आजवर एवढे कमी मार्क घेऊन कोनी एवढं खूश झालं नसन!

अन् दादा, ते वायरीवरचा चिमटा काढत होती, तेवढ्यात मोटरीतून धूर. पहिले थोडासा, मंग भसकन काळा. युनूसभाई तिथंच होता, त्यानं पयत जाऊन लाइन बंद केली. मोटरीले हात लावून पाह्यला अन् म्हने, "मावशी, आता हिले सोडून द्या. लय सेवा केली तिनं." बाराव्या खेपेले तो भराले तयार नाई.

मंग माह्या ध्यानात आलं. संक्रांत अजून एक मईना दूर हाये. शर्त मी हारली. युनूसभाईले शर्त माहीत हाये. तो म्हने, "किसीको नाई सांगनार. गोपालले कोन सांगते?" दादा, खोटं कायले बोलू, एक घडी माहं मन डोललं. नवी मोटर पंधरा-वीस दिवसात येनार हाये, धनसिंग धुऱ्यावरून पाइप टाकून पानी देतो म्हनून राह्यला. गोपालले कधी समजलंच नसतं.

पन एकदा झाकून पाह्यलं ना. संध्याकाळी फोन लावला. म्हटलं, बापू, मोटर जळली. शर्त हारली मी. तो म्हने, "ठीक आहे आई. संक्रांतीला घ्यायला येतो." आवाजात रागही नोता, आनंदही नोता.

मदत मंजूर झाली. मोटर, फुटव्हॉल्व, पाइप, सारं. धनसिंगचं ठिबक बी झालं. म्हंजे मोटर येनार, अन् मी जानार. हरभऱ्याले आता फुलं लागून राह्यले. मी रोज जाऊन पाह्यतो.

मैना


बाभुळगाव
२४ डिसेंबर २०२४

प्रिय मैने,

तू गोपालला सांगितलंस, हे वाचून मी उठून उभा राहिलो. बत्तीस वर्षांत मला जे जमलं नाही ते तू एका संध्याकाळी केलंस.

आता मीही एक लपवलेली गोष्ट सांगतो. गोपाल मला मोबाइलवर लिहीत असतो. गेल्या वर्षी मोटर तिसऱ्यांदा जळली तेव्हा त्यानं लिहिलं होतं, "मामा, आईला सांगू नका. रातपाळीची लाइन असली की ती एकटी वावरात जाते. तिनं फोन उचलला नाही तर मला सकाळपर्यंत झोप येत नाही. मोटरीचं निमित्त करून मी तिला इकडे बोलावतो आहे."

त्याला तुझं वावर सोडवायचं नाही, मैने. मी त्याचा शब्द राखला. चुकलं असेल.

वामन


बोरगव्हाण
१२ एप्रिल २०२५

दादा,

लय दिवसानं लिवून राह्यली. हरभरा काढला, गहू काढला, मंग आता कुठं पाठ टेकली. तुमच्यासाठी पाच किलो गहू धनसिंगच्या पोरीसंगं पाठवला, ते बाभुळगावले नांदते.

नवी मोटर चार जानेवारीले बसली. युनूसभाईनंच बसवली, अन् बटन दाबाच्या आधी मले म्हने, "मावशी, नंबर देखके लेना, तुमचाच हाये ना." मेल्यानं सगळ्याईसमोर माही इज्जत काढली!

तेरा तारखेले गोपाल आला. मी बॅग भरून ठेवली होती. दोन लुगडे, औषधं, तीळगूळ. लाइन हप्त्यातले तीन दिवस उजेडी अन् मंग रातची राह्यते, तवा उजेडीची पाळी होती. तो म्हने, आई, निघायच्या आधी एकदा वावर पाहून येऊ. त्यानंच बटन दाबलं. हरभऱ्याले पानी सोडलं, अन् आमी दोघं धुऱ्यावर बसलो. जुन्या मोटरीनं एवढ्या वावराले सहा दिवस लागत होते, म्हनून अर्धं काम रातच्या लाइनीवर जाये. यंदा तीन दिवसात आटोपलं. तिन्ही दिवस उजेडीच. तो रजा वाढवून थांबला अन् पाहात राह्यला. तिसऱ्या दिवशी त्यानं मले इचारलं, "म्हणजे आई, रातपाळीला जायचं कामच नाही?"

मी म्हटलं, नाई रे बाळा. कायले जाईन?

त्यानं डोक्यावर पानी घेतल्यासारखं करून तोंड धुतलं. पन मी त्याची माय हाये, मले समजलं. तुमी सांगतलं नसतं तं मी अजून हेच धरून बसली असती का पोट्ट्याले वावर नको झालं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तं एवढा मोठा गडी, माह्या पदरात तोंड घालून रडला. मले बी आवरलं नाई.

संध्याकाळी म्हने, "आई, बॅग रिकामी कर." आता मीच अडली. म्हटलं, शर्त म्हंजे शर्त, मी हारली हाये. लबाडीची एक चव घेतली, आता दुसरी नाई घेत. तुह्यापाशी येतो, पन पिकाच्या दिवसात नाई. मे मईन्यात वावर मोकळं राह्यते, तवा येतो. तो हासत हासत तयार झाला.

तं आता तीन मेले निंगतो, बडनेऱ्याहून पुण्याच्या गाडीनं. गोपालनं काल मोबाइलवर तिकीट पाठवलं. एकाच्या जागी दोन आले. मले वाट्टलं, पोरानं घाईघाईत दोनदा काढलं, पैसे वाया गेले. चश्मा लावून नीट पाह्यलं. दुसरं पुण्याहून बडनेऱ्याचं हाये. सहा जूनचं, पेरनीच्या आधीचं.

मी मांगतलं नोतं, दादा. त्यानंच काढलं.

मैना